चावी किती घरांत आहे? वस्तीतल्या कलाकेंद्रामागे माणसं कशी उभी करायची

भांडुपला टेकडीच्या अंगाला आमचं छोटं कलाकेंद्र आहे. साडेसातशे चौरस फुटांची एकच खोली, एका टोकाला वीतभर उंचीचा रंगमंच, चार स्पॉट, सतरंज्यांच्या दोन थप्प्या आणि एक लोखंडी कपाट. काही वर्षांपूर्वी जागेच्या मालकांकडून खोली रिकामी करण्याची नोटीस आली. आम्ही घाईघाईने ‘कलाकेंद्र वाचवा’ अशी पत्रकं छापली, स्टेशनबाहेर वाटली आणि रविवारी सभा बोलावली. अकरा माणसं आली. त्यातली सात कार्यकारिणीतलीच होती.

त्या वेळी कशीबशी मुदत मिळाली. चार वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग आला, तेव्हा दीड दिवसात तीनशेच्या वर माणसं आमच्या बोळात उभी होती. सगळ्यांत आधी पोचल्या त्या भजनी मंडळातल्या बायका, कारण मंगळवारी दुपारी खोलीची चावी त्यांच्याकडे असते.

मुंबईतल्या माणसाला कलेसाठी वेळ नाही, असं सर्रास बोललं जातं. मला ते अजिबात पटत नाही. माणसं आपल्या कलेसाठी धावून येतात. आम्ही त्यांना आमच्या कलेसाठी बोलावत होतो, एवढीच चूक होती. ती दुरुस्त करायला आम्हाला चार वर्षं लागली. तुमची काही वर्षं वाचावीत म्हणून आम्ही काय केलं ते क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: वही घेऊन वस्तीत फिरा

बोधचिन्ह, उद्घाटनाचा पाहुणा, कार्यक्रमांची यादी हे सगळं बाजूला ठेवा. महिनाभर संध्याकाळी सात ते दहा पायी फिरा. रविवारची सकाळही धरा. आपल्या परिसरात कोण, कुठे, काय करतं ते लिहून काढा. दोघांनी जावं आणि त्यात एक तरी बाई असावी, म्हणजे घरांची दारं मोकळेपणाने उघडतात.

आम्ही अर्ध्या किलोमीटरच्या आत फिरलो आणि थक्क झालो. पाण्याच्या टाकीखाली जाखडीची, म्हणजे कोकणातल्या समूहनाचाची, तालीम चालायची आणि मृदंगावर थाप पडली की वरच्या मजल्यावरून ओरडा व्हायचा. बंद दुकानाच्या ओट्यावर बॅन्जो पार्टी बसायची. बुद्धविहारात भीमगीतं गाणाऱ्या मुली होत्या, देवळात हरिपाठ होता. जिन्याखालच्या जागेत दोघे भाऊ पुठ्ठ्याची मखरं करत होते. एक ताई दहा बाय बाराच्या खोलीत पलंग भिंतीला उभा करून आठ मुलींना भरतनाट्यम शिकवत होत्या. यातल्या एकाही माणसाने आमच्या केंद्राचा उंबरा ओलांडला नव्हता. तिथे फक्त ‘नाटकवाले’ बसतात, असा त्यांचा समज होता आणि तो खरा होता.

वहीत चार रकाने पाडा: काय करतात, किती जण असतात, कधी जमतात आणि कुठे अडतं. चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा. “मावशी, तुमचं भजन कुठे बसतं? पावसाळ्यात काय करता?” एवढाच प्रश्न विचारा आणि मग ऐका. उत्तरं फार साधी असतात. बायकांना स्वच्छ शौचालय हवं असतं. जाखडीवाल्यांना नाचताना पाय आपटता येईल अशी जमीन हवी असते. मखरवाल्या भावांना गणपतीआधीचे दोन महिने सामान ठेवायला कोपरा हवा असतो. आमच्या वहीत नव्या साउंड सिस्टिमची मागणी एकानेही लिहून दिली नाही आणि आम्ही मात्र वर्षभर तिच्यासाठीच देणग्या मागत होतो.

या महिन्यात कुणाकडे काहीही मागू नका. पावती पुस्तक घरीच राहू द्या.

जागाच नसेल तर

अडू नका. १९७०च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकांची जी चळवळ उभी केली, ती शाळेच्या हॉलमध्येच झाली. पुढे ‘आविष्कार’चं काम माहीमच्या महापालिका शाळेत चाललं. त्याच्याही आधी, १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि कामगार वस्त्यांमधली मैदानं व चौक हीच त्यांची रंगभूमी होती. महापालिका शाळेचा हॉल, समाजकल्याण केंद्र, व्यायामशाळा, सोसायटीचं सभागृह, विहार, देवळाचा सभामंडप यांतली एक जागा आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या वेळी मिळाली, तरी केंद्र सुरू झालं. वार आणि वेळ मात्र बदलू देऊ नका. जागा लहान असली तरी लोक सांभाळून घेतात. आज आहे की नाही, हे विचारत यावं लागलं तर ते येणं सोडतात.

दुसरी पायरी: वेळापत्रक लोकांच्या दिवसावर बसवा

आमचं जुनं वेळापत्रक संध्याकाळी सहाला सुरू व्हायचं. त्या वेळी आमची अर्धी वस्ती लोकलमध्ये लटकत असते. नोकरदार माणूस घरी पोचून, हातपाय धुऊन, चार घास खाऊन मोकळा होतो तेव्हा रात्रीचे पावणेनऊ वाजलेले असतात. म्हणून मोठ्यांच्या तालमी नऊ ते दहा. पावणेदहाला ध्वनिक्षेपक बंद, शेवटची पंधरा मिनिटं आवराआवर. घरकाम करणाऱ्या आणि पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायकांना दुपारी दोन ते साडेचार मोकळे मिळतात. शाळेतून आलेल्या मुलांसाठी पाच ते सात. सकाळी सात ते नऊ ज्येष्ठ नागरिक, त्यात योगासनं आणि सुगम संगीत दोन्ही.

दिवसासारखंच वर्षही बघावं लागतं. आषाढ-श्रावणात जाखडीच्या तालमींना जोर येतो, तेव्हा रात्रीच्या वेळा त्यांना जास्त द्या. गणपतीला आणि शिमग्याला कोकणातला चाकरमानी गावी जातो, त्या दिवसांत स्वतःचा मोठा कार्यक्रम ठेवून रिकाम्या खुर्च्या बघू नका. १४ एप्रिलच्या आधीचे दिवस भीमगीतांच्या गायन पार्ट्यांचे. नवरात्रात भोंडला. डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं, म्हणजे वेशभूषा आणि नाच बसवण्याची धांदल.

आणि फेब्रुवारी-मार्च? या दोन महिन्यांत बोर्डाच्या परीक्षांमुळे आवाज करणारं काही नको असतं. आम्ही खोली संध्याकाळची अभ्यासिका करून टाकली. चाळीस मुलं सतरंजीवर बसून अभ्यास करायची आणि रात्री न्यायला त्यांचे आईवडील यायचे. भिंतीवरचे जुन्या प्रयोगांचे फोटो बघत थांबायचे. आमच्या सगळ्या महोत्सवांनी मिळून जेवढे पालक आणले नसतील तेवढे या दोन महिन्यांनी आणले. अभ्यासिका हे कलाकेंद्राचं काम नव्हे, असं आमच्यातल्या दोघांचं मत होतं. माझं मत उलटं आहे. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा आहे, त्याच्या टिळक मंदिरात ग्रंथालय, व्याख्यानं, गाण्याचे कार्यक्रम असं बरंच काही एका छपराखाली चालतं. ज्या जागेत घरातल्या प्रत्येक वयाच्या माणसाला काही ना काही काम असतं, तिच्यामागे अख्खं घर उभं राहतं.

तिसरी पायरी: चावी द्या

हा लेख मी मुख्यतः या पायरीसाठी लिहितो आहे, कारण बहुतेक केंद्रं इथेच अडखळतात. खोली लोकांना ‘वापरायला देतात’, पण कुलूप कार्यवाहच उघडतो. तो लग्नाला गेला की केंद्र बंद. वापरणारा कायम पाहुणा राहतो आणि पाहुणा घर वाचवायला येत नाही.

आम्ही सात चाव्या करून घेतल्या. प्रत्येक गटाने दोन जबाबदार माणसांची नावं लेखी द्यायची, त्यांना चावी. दाराशी एक नोंदवही: कोणी उघडलं, किती वाजता, कोणी बंद केलं, काय बिघडलं. विजेच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या, कुठलं बटण कशाचं ते दाखवणाऱ्या. भिंतीवर पाचच नियम लावले: चपला बाहेर, दहाच्या आत बंद, सतरंज्या घडी करून, पंखे-दिवे बंद, मोडलं तर लपवू नका.

भीती वाटते, हे मला मान्य आहे. पहिल्याच पावसाळ्यात एक मायक्रोफोन गायब झाला. कार्यकारिणीत चाव्या परत घेण्याचा सूर निघाला. आम्ही एवढंच केलं की नोंदवही उघडून सगळ्या गटांच्या बैठकीत ठेवली, कुणावर बोट न दाखवता. आठ दिवसांत बॅन्जो पार्टीच्या मुलांनी आपसांत वर्गणी काढून नवा मायक्रोफोन आणून ठेवला. हरवला कुणाकडून ते आम्ही आजही विचारलेलं नाही.

जागा फुकट मात्र देऊ नका. फुकटच्या जागेवर हक्काने बोलता येत नाही, याचा त्रास घेणाऱ्यालाच होतो. आम्ही तासाला पन्नास रुपये ठेवले, सगळ्यांना सारखे. ज्या गटाला तेही जड जातं तो महिन्यातून एकदा खोलीची सफाई करतो आणि तेही त्याच फलकावर त्याच अक्षरांत लिहिलेलं असतं.

दर दोन महिन्यांनी चावीधारकांची बैठक घ्या. वेळांवरून भांडणं होतील. होऊ द्या, पण ती सगळ्यांसमोर, वही उघडी ठेवून होऊ द्या.

चौथी पायरी: आधी हात मागा

लोकांकडे पैसे मागण्याआधी त्यांचं कसब मागा. आमच्या वस्तीत वायरमन आहेत, रंगारी आहेत, ब्लाउज शिवणाऱ्या आहेत, छपाईच्या कारखान्यात कामाला असलेले आहेत. ‘केंद्राला मदत करा’ या वाक्याने कुणी हलत नाही. ‘येत्या शनिवारी चार ते सहा, पडदे काढून धुवायला तीन माणसं हवीत, वडापाव आपल्याकडून’ असा निरोप गेला की पाच जण येतात. काम दोन तासांत संपणारं असावं, करणाऱ्याला त्याचा शेवट दिसावा. विंगांचं काळं कापड ज्या काकूंनी शिवलं त्या प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून आधी कापडाकडे बघतात.

पाचवी पायरी: समोरच्या इमारतीशी बोला

केंद्राच्या विरोधात पहिला अर्ज शेजारून जातो आणि बहुतेक वेळा तो रास्त असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, पण ते दिवस सरकार ठरवतं, आपण नाही. दहाचा नियम आधी स्वतः पाळा, मग शेजाऱ्यांकडे जा. मोठा कार्यक्रम असेल तर आठवडाभर आधी समोरच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वेळ आणि एका जबाबदार माणसाचा फोन नंबर लावा. वॉचमनला आठवणीने चहा द्या, दुचाक्या कुठे लागणार ते त्याला विचारूनच ठरवा. तक्रार करणाऱ्या आजोबांना आम्ही आवाजाची पातळी ठरवायला खोलीत बोलावलं. त्यांनी पेटी वाजवून दाखवली. ते आता ज्येष्ठांच्या गटाचे चावीधारक आहेत.

सहावी पायरी: कागद

कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था काढायला किमान सात जण लागतात. मुंबईत ही नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते आणि सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करतात. नोंदणी व्हायच्या आत सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ४१-सी खाली परवानगी घ्या. गणेशोत्सव मंडळं हीच घेतात, त्यांच्याकडून अर्ज कसा भरायचा ते विचारा.

कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करा. हा एक कागद राहिला म्हणून दहा-दहा वर्षं अडकलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. निवडणूक होते, हारतुरे होतात, कागद कुणी देत नाही आणि मग बँक सही बदलून देत नाही, देणगीदार कंपनी पुढे येत नाही. सभेचं इतिवृत्त त्याच रात्री लिहा. वर्षाचं लेखापरीक्षण वेळेत करून घ्या. नाटकाचा सार्वजनिक प्रयोग ठेवायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे ना, हे प्रयोग करणाऱ्या संस्थेला आधीच विचारा.

सातवी पायरी: पैसे, थोडे आणि पुष्कळांकडून

आमचे दोनशे साठ सभासद महिन्याला पन्नास रुपये देतात. तेरा हजार होतात. वीज, सफाई, तबल्याची पुडी बदलणं आणि बारीकसारीक दुरुस्ती त्यात भागते. एका देणगीदाराने वर्षाचे दीड लाख एकदम दिले असते तर हिशेब तोच झाला असता, पण नोटीस आली तेव्हा एक माणूस आला असता. म्हणून मी मोठी देणगी नाकारा असं म्हणत नाही. ती साउंड, वातानुकूलन, छपराची गळती अशा एकदाच्या खर्चाला वापरा. रोजचा दिवा मात्र सभासदांच्या वर्गणीवर जळू द्या.

वर्गणी घरी जाऊन घ्या. ऑनलाइन सोय ठेवा, पण ती दारात जाण्याला पर्याय नव्हे. दारात उभं राहिल्यावर कळतं की कुणाचा मुलगा ढोलकी शिकू पाहतो आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे. ज्यांच्याकडे त्या महिन्यात पैसे नाहीत त्यांच्याशी दोन शब्द बोलून पुढे जा, नाव कमी करू नका.

महिन्याचा जमाखर्च दारावर एका कागदावर लावा, मोठ्या अक्षरांत, मराठीत. ताळेबंद कुणी वाचत नाही. ‘वीज ३,८४०, चहा ६१०’ हे लोक उभं राहून वाचतात आणि चहा जास्त झाला असंही सांगतात. सांगू द्या.

देणगीदाराला आयकरात मिळणारी सवलत, जिला ‘८०जी’ म्हणतात, ती मिळवून ठेवा, पण तिच्यावर फार भिस्त नको. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती लागू होत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदाराला तिचा उपयोगच नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत, म्हणजे २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, कला आणि संस्कृतीचं जतन बसतं. हे पैसे घ्यायला संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी करावी लागते. कंपनीकडे जाताना फोटोंचा अल्बम नेऊ नका, नोंदवही न्या. वर्षात किती तास खोली उघडी होती, किती गट, किती मुली, हे पानोपानी दिसतं.

आठवी पायरी: वॉर्ड ऑफिस आणि लोकप्रतिनिधी

इथे धीर लागतो. आधी आपल्या जागेचा कागदोपत्री इतिहास काढा. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात या भूखंडावर काय आरक्षण आहे, त्यासाठी महापालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे आराखड्यातल्या नोंदीचा लेखी उतारा, घ्या. जवळपास सांस्कृतिक वापराचं आरक्षण असलेला भूखंड पडून असेल तर तोही शोधा. माहिती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात एका वेळी एकच नेमका प्रश्न विचारा.

लोकप्रतिनिधींकडे निवडणुकीच्या आधी दोन महिने जाऊ नका. तेव्हा आश्वासन मिळतं आणि सोबत रंग लागतो. एरवी जा, दरवर्षी जा, सगळ्या पक्षांकडे जा. जाताना कार्यवाहांनी मागे बसावं. भजनी मंडळातल्या आजी, जाखडीचा बुवा, दहावीच्या अभ्यासिकेतली मुलगी यांना बोलू द्या. मागणी एक आणि मोजता येण्यासारखी असावी: ‘शौचालयाची दुरुस्ती’, ‘गळतं छप्पर’. आमदार निधीतून काम हवं असेल तर जागा कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न पहिला येतो, म्हणून कागदांचा संच सोबत असू द्या. काम झालं की ज्याने केलं त्याचे आभार जाहीरपणे माना. पण केंद्राच्या दारावर कायमचा फलक कुणाचाही लावू नका, हा ठराव पहिल्याच वर्षी करून ठेवा.

नववी पायरी: पुनर्विकास

मुंबईतल्या छोट्या केंद्रावर आज ना उद्या हे येणारच. परळचं दामोदर नाट्यगृह शंभर वर्षांचं. कोकणातल्या लोककलांचे प्रयोग तिथे वर्षानुवर्षं व्हायचे. २०२३च्या नोव्हेंबरात ते पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा रंगकर्मी आणि हौशी मंडळांना नव्या आराखड्यात नाट्यगृह कुठे आणि केवढं असेल यासाठी आवाज उठवावा लागला. एवढी परंपरा असलेल्या वास्तूची ही गत, तर आपल्या साडेसातशे फुटांचं काय, हा विचार त्या दिवसांत माझी झोप उडवत होता.

म्हणून विकासकाचं नाव ठरायच्या आधी हालचाल करा. सोसायटीच्या पुनर्विकासाला निम्म्याहून अधिक सभासदांची संमती लागते. ते सभासद म्हणजे तुमचे चावीधारक, त्यांची मुलं, त्यांचे शेजारी. विशेष सर्वसाधारण सभेआधी घरोघर जाऊन एकच वाक्य करारनाम्यात घालायला सांगा: केंद्राला आज आहे तेवढं क्षेत्र, तळ किंवा पहिल्या मजल्यावर, मंजूर नकाशात दाखवलेलं. तोंडी आश्वासन, ‘कम्युनिटी हॉल देऊ’ असा मोघम शब्द, यावर थांबू नका. लग्नाला भाड्याने जाणारा हॉल आणि रोज रात्री नऊला उघडणारी तालमीची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधकामाच्या काळात तालमी कुठे होतील, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. तीन वर्षं खोली नसली तर गट पांगतात आणि नव्या इमारतीत परत यायला कुणी उरत नाही.

आमच्या इमारतीच्या सभेत ते वाक्य वाचून दाखवायला उभ्या राहिल्या त्या मंगळवारच्या भजनातल्या आजी. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी ते पाठ म्हटलं.

दरवर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, आम्ही चाव्या मोजतो. एक तरी चावी पंचविशीच्या आतल्या कुणाकडे नवी जायला हवी, असा नियम आहे. यंदा ती जिन्याखालच्या मखरवाल्या भावाच्या मुलीने घेतली. सध्या तिच्याकडे शुक्रवारची रात्र आहे.